पाळणे नंतर छापा, आधी गट नंबर छापा

संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या मोठमोठ्या थीम पार्कवर पानभर लेख आला होता, फोटो झकास होते, किल्ला, आतषबाजी, गोल फिरणारे चहाचे कप, सगळं होतं, आणि शेवटी नेहमीप्रमाणे मुंबईला असं काही का नाही हा प्रश्नपण होता. लेख आवडला, खोटं कशाला बोलू. नातवाने तर फोटो कापून कपाटाला चिकटवलाय. पण एवढ्या मोठ्या लेखात ही जमीन कोणाची होती, कोणी घेतली, काय भावाने घेतली, यावर एक ओळ नाही. माझं सगळं आयुष्य दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर दस्त टाइप करण्यात गेलं, आधी पनवेल, मग बोरिवली, त्यामुळे कुठलाही मोठा प्रकल्प दिसला की माझी नजर पहिली सात-बाऱ्यावर जाते, आता ती सवय सुटायची नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण फ्लोरिडावालं कापू नका.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमपासून करतो. वॉल्ट डिस्नेने डिस्नेलँड पार्कची जागा अंदाजाने नाही घेतली, १९५३ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पैसे देऊन अभ्यास करून घेतला, लॉस एंजेलिसची वस्ती कुठल्या बाजूला सरकतेय, नवा फ्रीवे कुठून जाणार, हवा कशी, भाव काय, आणि त्यातून हॅरिसन प्राइस नावाच्या माणसाने अनाहाइमच्या संत्र्याच्या बागांवर बोट ठेवलं. १६० एकर. म्हणजे आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सपेक्षा लहान जागा, आणि तीसुद्धा एका मालकाची नाही, १७ कुटुंबांची. ज्याने कधी सतरा खातेदारांच्या सह्या एका दिवशी एका टेबलावर गोळा केल्यात त्यालाच कळेल ते काय काम असतं. एका कुटुंबाने जमीन देताना सांगितलं की आमच्या घरचं १८९६ सालचं खजुराचं झाड तेवढं जपा, ते पार्कात हलवून लावलं आणि त्याच घरातला मुलगा पुढे तिकिटं घ्यायच्या नोकरीला लागून कंपनीत मोठ्या पदापर्यंत गेला. बागेतली घरंपण पाडून टाकली नाहीत सगळी, काही हलवून जोडून त्यातच ऑफिस थाटलं.

काम जुलै १९५४ ला सुरू, आणि १७ जुलै १९५५ ला उद्घाटन, एका वर्षात. खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. एवढे पैसे वॉल्टकडे नव्हतेच, एबीसी टीव्ही कंपनीकडून ५ लाख रोख आणि ४५ लाखांच्या कर्जाची हमी घेतली, त्याबदल्यात त्यांना टीव्हीचा कार्यक्रम दिला आणि पार्कात एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त हिस्सा दिला. उद्घाटनाच्या दिवशी डांबर ओलंच होतं, बायकांच्या टाचा रुतत होत्या, प्लंबरच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ होतील नाहीतर संडास होतील अशी वेळ आली तेव्हा त्याने संडास निवडले, आणि बरोबर निवडले.

पण खरी गंमत पुढे आहे. पार्क चाललं आणि कुंपणाच्या बाहेरची जमीन ज्यांची होती त्यांची चांदी झाली. मोटेल, हॉटेल, हॉटडॉगच्या टपऱ्या, सगळी गर्दी वॉल्टने जमवली आणि गल्ला शेजाऱ्याच्या पेटीत. डिस्नेलँड हॉटेल नावाचं हॉटेलसुद्धा डिस्नेच्या मालकीचं नव्हतं, दुसऱ्या एका उद्योजकाला नाव वापरायला देऊन बांधायला लावलेलं, ते कंपनीच्या हातात यायला १९८८ उजाडलं. वॉल्टला हे फार लागलं. थीम पार्कचा पैसा पाळण्यात कमी आणि पाळण्याच्या आजूबाजूच्या जमिनीत जास्त असतो हे त्याला तिथे कळलं, आणि आमच्याकडच्या दलालांना ते कोणी न शिकवताच कळतं.

म्हणून फ्लोरिडाला काय केलं ते बघा. नोव्हेंबर १९६३ मध्ये विमानातून ऑर्लँडोच्या आसपासची दलदल बघून आले, आणि मग मायामीचे वकील पॉल हेलिवेल यांच्यामार्फत खरेदी सुरू. नाव डिस्नेचं कुठेच नाही. रीडी क्रीक रँच, लॅटिन अमेरिकन डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट, आयफोर कॉर्पोरेशन, टोमाहॉक प्रॉपर्टीज, बे लेक प्रॉपर्टीज, अशा कागदी कंपन्या काढल्या, कंपनीचे वकील रॉबर्ट फॉस्टर तिथे जाताना रॉबर्ट प्राइस या नावाने जायचे. आधी मोठे तुकडे, ज्यांचे मालक एकदोनच, त्यांचं साठेखत करून घेतलं, म्हणजे थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीत ठरल्या भावाने विकत घ्यायचा हक्क बांधून ठेवला, खरेदीखत नंतर. १२ हजार एकरांच्या वरचा एक तुकडा असाच बांधला, एका सिनेटरची ८ हजार एकरांवरची गुरं चरायची जमीन घेतली. डोकेदुखी होती छोट्या तुकड्यांची, कारण शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी तिथे पाचपाच एकरांचे प्लॉट पाडून पोस्टाने ऑर्डर घेऊन देशभर विकले होते, मालकांनी दलदल कधी डोळ्यांनी बघितलीसुद्धा नव्हती, त्यातले काही मेलेले, काहींचे वारस भलतीकडे, एकेकाला शोधून पत्र लिहून घेतलं. जमिनीखालच्या खनिजांचे हक्क टफ्ट्स युनिव्हर्सिटीकडे राहिले होते, तेसुद्धा १५ हजार डॉलरला सोडवून घेतले. माझ्यासारख्याला हे वाचताना हेवा वाटतो हो, सात-बाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना, म्हणजे जमिनीवर दुसऱ्या कोणाचा हक्क असेल तर तो, कोरा करून मग पुढे जाणारा खरेदीदार मी आमच्या बाकड्यावर क्वचितच बघितला.

एकूण सुमारे २७ हजार एकर आणि किंमत ५० लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे सरासरी एकरी २०० डॉलरच्या आत. २७ हजार एकर म्हणजे किती, तर आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कपेक्षा थोडं जास्तच.

गावात अफवा सगळ्या होत्या, फोर्ड येतेय, बोइंग येतेय, उद्योगपती हॉवर्ड ह्यूज येतोय, तिकडे केप कॅनव्हेरलला अंतराळ तळ होताच त्यामुळे सरकारी काहीतरी असणार असंही लोक म्हणायचे. फोडलं कोणी? एका पेपरवालीने. ऑर्लँडो सेंटिनेलच्या एमिली बावार कॅलिफोर्नियाला पार्कच्या दहाव्या वाढदिवसाला गेल्या होत्या, तिथे त्यांनी वॉल्टला सरळ विचारलं की ती जमीन तुम्हीच घेताय का, तो दचकला आणि नाही म्हणता म्हणता फ्लोरिडाबद्दल इतकं बारीकसारीक बोलून गेला की यांच्या लक्षात आलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये पेपरात मोठ्ठा मथळा आला, लगेच गव्हर्नरने दुजोरा दिला, आणि शेजारच्या जमिनीचा भाव काही ठिकाणी एकरी ८० हजार डॉलरपर्यंत गेला. ज्यांनी आदल्या वर्षी दोनशेच्या आत दिली त्यांचं काय झालं असेल, विचार करा. त्या पेपरच्या प्रकाशकाला म्हणे आधीपासून माहीत होतं आणि शहराचं भलं म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवलं, असंही नंतर लिहिलं गेलंय. संपादक साहेब, मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं हे विचारत नाही, पण मनात आलं.

व्हॉट्सॅपवर ही फ्लोरिडाची गोष्ट स्मार्ट बिझनेस म्हणून फिरत असते, माझ्या मुलाने पण मला पाठवली होती. हुशारी आहेच. पण विकणाऱ्याच्या बाजूने तीच गोष्ट वाचली तर ती रडारड आहे, फरक एवढाच की त्यांची दलदल होती आणि आमच्याकडे भातशेती असते, मिठागरं असतात. पनवेलला माझ्या मामाने एका एजंटला असंच कुळाचं नाव लावून, इसार घेऊन, आलेल्या भावात दिलं, पुढे त्या पट्ट्यात काय येणार होतं हे एजंटला नकाशासकट माहीत होतं. मामाला चहा पाजला होता तेवढा.

बरं, आपल्याकडे कायद्याने फ्लोरिडासारखं करताच येत नाही असं कोणी म्हणेल. खरंय, कागदावर नाही येत. कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, उद्योगासाठी घ्यायची तर अटी आहेत, परवानग्या आहेत, आणि शेतजमीन कमाल मर्यादा कायदा १९६१ चा, कोरडवाहू असली तरी एका कुटुंबाला ५४ एकरांच्या वर नाही. पण मग होतं काय, की जमीन दहा वेगवेगळ्या शेतकरी दाखलेवाल्यांच्या नावावर जाते, साठेखतं होतात, कुलमुखत्यारपत्रं होतात, आणि प्रकल्पाची बातमी पेपरात यायच्या दिवशी सगळं एका रेषेत येऊन उभं राहतं. हे थीम पार्कचंच असं नाही, पण थीम पार्कला जमीन एका तुकड्यात आणि हायवेजवळ लागते, त्यामुळे तिथे हे जास्त.

फ्लोरिडाचं बांधकामपण बघण्यासारखं आहे, कारण दलदल आणि भरणी हे मुंबईकराला सांगायला नको. जनरल पॉटर म्हणून पनामा कालव्याच्या प्रदेशाचा कारभार सांभाळलेला माणूस आणला, त्याने पाणी निघून जायला कालवे काढले, त्यांची दारं पाणी वाढलं की आपोआप उघडतात अशी. तलाव रिकामा करून गाळ काढला तर खाली पांढरी वाळू लागली. आणि लोक ज्याला फ्लोरिडाच्या मॅजिक किंग्डम पार्कच्या खालचे बोगदे म्हणतात ते खोदलेले नाहीतच, तिथे खणलं की लगेच पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, शेजारी एक मोठा तलाव खोदला, त्याची माती त्यावर टाकली आणि पार्क वरच्या मजल्यावर बसवलं, आपण चालतो ती गच्ची. कामगार, कचरा, कपडे, जेवण, सगळं खालून. १९६६ च्या डिसेंबरला वॉल्ट गेला, भाऊ रॉयने १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं आणि त्याच डिसेंबरला तोही गेला.

आणि जमिनीबरोबर अजून एक वस्तू मिळवली, सत्ता. १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने रीडी क्रीक नावाचं वेगळं स्थानिक मंडळच करून दिलं, ज्यात रस्ते, गटारं, फायर ब्रिगेड, बांधकामाची परवानगी, सगळं कंपनीच्या हातात, अगदी अणुवीज केंद्र काढायचा अधिकारसुद्धा कायद्यात होता. म्हणजे सिडको आणि ग्रामपंचायत दोन्ही तुम्हीच. २०२३ ला राजकारण होऊन राज्य सरकारने ते मंडळ स्वतःकडे घेतलं, पण पन्नास वर्षं तर निभावलं.

आता बाकीचे देश. पॅरिसवाल्यांचं लवकर सांगतो. १९८७ ला फ्रान्स सरकारशी करार, मार्न ला व्हॅले इथली बीटाची शेतं सरकारने संपादन करून कंपनीला जवळपास शेतीच्याच भावात द्यायची, पॅरिसची लोकल तिथपर्यंत न्यायची, १९९२ ला पार्क उघडलं तेव्हा स्टेशन तयार होतं, १९९४ ला फास्ट ट्रेनचं स्टेशन झालं. कंपनीने अनाहाइमचा धडा गिरवला होता, आजूबाजूची जमीनपण टप्प्याटप्प्याने ठरल्या अटींवर मिळेल अशी सोय करारातच. जवळजवळ दोन हजार हेक्टर. एवढं करून पहिली काही वर्षं पार्क तोट्यातच.

टोकियोचं मात्र कोळीवाड्यातल्या माणसाने नीट वाचावं. टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाही, शेजारच्या चिबामध्ये उरायासूला आहे, आणि ती जमीन नाहीच, समुद्र भरून केलेली आहे. उरायासू हे मच्छीमारांचं गाव, शिंपल्या आणि समुद्री शेवाळाचं. १९५८ ला वरच्या बाजूच्या कागद कारखान्याचं काळं पाणी नदीतून आलं, मासळी मेली, मच्छीमार कारखान्यावर चालून गेले, पोलिसांशी झटापट झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी ओरिएंटल लँड नावाची कंपनी निघाली, समुद्र भरायचा आणि तिथे करमणुकीचं ठिकाण करायचं म्हणून. मच्छीमारांनी मासेमारीचे हक्क आधी थोडे सोडले, मग १९७१ ला पूर्ण सोडले, भरपाई घेतली. पार्क उघडलं १९८३ च्या एप्रिलला. म्हणजे कंपनी निघाल्यापासून तेवीस वर्षं, आणि त्यात डिस्नेचा मालकीहिस्सा नाही, पार्क जपानी कंपनीचं, डिस्नेला तिकिटावर आणि खाण्यापिण्यावर, वस्तूंवर रॉयल्टी. जपान्यांचा व्यवहार मला आवडला कारण मालकी घरात राहिली. कोळ्यांच्या बाजूने बघायचं तर समुद्र एकदाच विकला जातो आणि रॉयल्टी दरवर्षी येते, ती त्यांच्याकडे नाही आली.

हाँगकाँगने काय केलं तर पेनीज बे भरून दिली, तिथे एक जहाज बांधायचा कारखाना होता, तो उठवला तर मातीत डायॉक्सिन सापडलं, ते साफ करायचा खर्चही सरकारी. रेल्वेची वेगळी लाइन टाकली. पार्क २००५ ला उघडलं, सुरुवातीला सरकारचा हिस्सा ५७ टक्के. पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली. शेजारची जमीन दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवली ती मुदतीवर, बेमुदत नाही. मुदत २०२० ला संपली, दुसरा टप्पा उभा राहिला नव्हता, सरकारने मुदत वाढवून द्यायला नकार दिला, विषय संपला. कोविडमध्ये तिथे क्वारंटाइन सेंटर झालं. मुदत वाढवून न देणारं सरकार. मी दोनदा वाचलं ते.

आणि व्हर्जिनिया. १९९३ च्या नोव्हेंबरला डिस्नेने तिथे सुमारे ३ हजार एकरांवर अमेरिकेच्या इतिहासावर पार्क जाहीर केलं, जमीन अशीच आधी गुपचूप बांधून ठेवलेली, राज्य सरकारने रस्त्याबिस्त्यांसाठी १६ कोटी डॉलरच्या वर मंजूरसुद्धा केले. पण जवळच मानाससची यादवी युद्धाची रणभूमी, इतिहासकार उठले, आसपासचे जमीनदार उठले, ट्रॅफिकवाले उठले, आणि वर्षाच्या आत, सप्टेंबर १९९४ ला कंपनीने माघार घेतली. विरोध करणारे सगळे साधेसुधे नव्हते, पैसेवाले होते, घोड्यांची स्टडफार्मवाले होते, म्हणून जमलं असंही म्हणता येईल.

आपल्याकडे विरोध कोणी केला हे विसरायला नको. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ ला आलं, आम्ही मुलांना घेऊन बोटीने गेलेलो, जाहिरातीचं गाणं अजून तोंडावर आहे, २०२२ च्या सुमारास पाळणे थांबले. पण त्याच बेटावर, गोराई, मनोरी, उत्तन, पुढे पर्यटनाचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) करायचं ठरलं तेव्हा कोळी आणि ईस्ट इंडियन गावकऱ्यांनी धारावी बेट (ते सायनवालं धारावी नव्हे) बचावचा बोर्ड लावून तो हाणून पाडला. बोटीपलीकडे जाऊन कोणी एकदा विचारावं, पर्यटन आलं एवढी वर्षं, गावात पाणी किती आलं.

रायगडला तर याहून मोठं झालं. पेण, उरण, पनवेलचा महामुंबई सेझ, संपादनाच्या नोटिसा निघाल्या, एन. डी. पाटलांसारखी माणसं उतरली, आणि २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. जमीन देणार का नाही यावर शेतकऱ्याचं मत घेतलं गेलं, असं देशात कितीदा झालंय? सेझ गेला. त्याच्याआधी नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली तेव्हा मत वगैरे काही विचारलं नव्हतं, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. आणि त्यातसुद्धा किती जणांनी प्लॉट हातात यायच्या आधीच फाइल विकली, ते मी टाइप केलेल्या कागदांवरून सांगतो, खूप. लग्न, आजारपण, पोराला गाडी. दोष देत नाही.

खालापूरला इमॅजिका २०१३ ला उघडलं, मनमोहन शेट्टींचं, चांगलं केलंय, राइड परदेशासारख्या आहेत. पण कर्ज इतकं की २०२२ ला संगमनेरच्या मालपाणी ग्रुपकडे गेलं. कंपनीकडे पार्कला लागते त्यापेक्षा जास्त जमीन होती आणि अडचणीच्या काळात तीच तर विकून पैसे उभे करायचा विषय होता. यात बेकायदेशीर काहीच नाही. पण मी पुन्हा सांगतो, पाळणा तोट्यात जातो, जमीन जात नाही.

आता मी कायद्यावर येतो, कारण नुसतं रडून काय उपयोग. २०१३ चा भूसंपादन कायदा आहे ना, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्यात पर्यटन प्रकल्पसुद्धा सार्वजनिक कामात बसतो. खासगी कंपनीसाठी सरकार संपादन करणार असेल तर ८० टक्के लोकांची संमती लागते, भागीदारीत असेल तर ७० टक्के. कलम १०१ सांगतं की पाच वर्षं जमीन पडून राहिली तर मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेला परत. आणि कलम १०२, हे फार कमी लोकांना माहीत असतं, की संपादित जमीन काही विकास न करता पाच वर्षांच्या आत दुसऱ्याला विकली तर वाढलेल्या किमतीतले ४० टक्के मूळ मालकांना द्यायचे. चाळीस टक्के! पण हे सगळं सरकारने संपादन केलं तरच. कंपनीने थेट शेतकऱ्याकडून खरेदी केली की यातलं काही लागू नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना थेट खरेदी आवडते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या थीम पार्कला सरकार सवलत देणार, स्टॅम्प ड्युटी माफ करणार, मेगा प्रोजेक्ट म्हणणार, हायवेवरून वेगळा रस्ता काढून देणार, जेट्टी बांधणार, त्याला ही दोन कलमं करारात घालूनच सवलत द्या, जमीन थेट घेतलेली का असेना. पाच वर्षांत पार्क नाही तर सवलत वसूल आणि राखीव जमिनीचा हक्क रद्द, हाँगकाँगसारखा. जास्तीची जमीन विकली तर वाढलेल्या पैशात गावाचा वाटा. हे जहाल वगैरे काही नाही, सरकारच्या स्वतःच्या कायद्यात लिहिलेलंच आहे, फक्त दुसऱ्या पानावर.

आणि सरकारी जमीन असेल तर विकूच नका, भाडेपट्टा करा. दिल्लीचं अप्पू घर हे मुलांचं पाळण्यांचं पार्क १९८४ ला प्रगती मैदानावर सुरू झालं, २००८ ला बंद झालं, जागा सुप्रीम कोर्टाच्या विस्ताराला गेली, मुलांचं नुकसान झालं हे मान्य, पण जमीन सरकारचीच राहिली. महालक्ष्मीचंच घ्या, २०१३ ला रेसकोर्सचा भाडेपट्टा संपला तेव्हा तिथे थीम पार्क करायचं चाललं होतं, वादावादी झाली, अकरा वर्षं गेली आणि २०२४ ला १२० एकर पालिकेला पार्कसाठी आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे असं ठरलं. भाडेपट्टा होता म्हणून निदान वाद घालता आला. तिथे आता झाडं आणि मोकळी जागाच राहते की हळूच तिकीट खिडकी उगवते हे बघायचं काम मात्र तुमचं.

कोणी म्हणेल आजोबा विकासाच्या विरुद्ध आहेत. नाही हो. मला पार्क पाहिजे, मुंबईच्या पोरांना मॉलशिवाय जायला जागा नाही, पावसाळ्यात तर घरातच. फक्त तिकीट विकणाऱ्या कंपनीची मुलाखत छापता तसा जमीन विकलेल्या माणसाचाही फोटो छापा.

तेव्हा विनंती अशी आहे की यापुढे मुंबईच्या आसपास कुठेही जागतिक दर्जाचं थीम पार्क येणार अशी बातमी आली, आणि ती दर दोनतीन वर्षांनी येतेच, तर मंत्र्याच्या वाक्याखाली गावाचं नाव, गट नंबर आणि मागच्या तीन वर्षांत त्या गटांचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) कोणाच्या नावाने झाले ते छापा. अवघड नाही. सात-बारा ऑनलाइन आहे, नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि गट नंबर टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, दिसतो, साइट दुपारी झोपते, रात्री दहानंतर बसा. खरेदीदारांच्या यादीत कंपन्यांची नावं वेगवेगळी आणि पत्ता एकच दिसला की तिथे पेन्सिलने खूण करा, मग त्या पत्त्यावर जाऊन बेल वाजवायची. तुमच्या रिपोर्टरला फेरफार वाचता येत नसेल तर पाठवून द्या माझ्याकडे, संध्याकाळी मी घरीच असतो.

आपला एक जुना वाचक,
बोरिवली (पश्चिम), मुंबई